पहिल्या धारेचं पाणी

डोळे मिटा, असं म्हणणार होतो. पण मग पुढचं वाचणार कसं? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच माझ्याबरोबर एका जिन्यात या. जिना दगडी आहे. कठड्याचं लाकूड इतक्या हातांनी घासलंय, की ते साबणासारखं गुळगुळीत झालंय. खालच्या मजल्यावर आरोग्य संशोधनाचे लोक बसतात. तिथे स्पिरिटचा वास येतो. वरच्या मजल्यावर भूशास्त्राचे लोक; तिथे ओल्या मातीचा आणि नुकत्याच फोडलेल्या दगडांचा. हे दोन वास जिन्याच्या वळणावर भेटतात. तिथेच एक जुना फ्रीज ठेवलेला आहे, दोन्ही मजल्यांचे जेवणाचे डबे ठेवायला.

आता त्या फ्रीजसमोर एका तरुण डॉक्टरला उभं करा. बाहेर रणरणतं ऊन. सकाळपासून तो मुलांच्या तपासण्या करत फिरलेला, घशाला कोरड पडलेली. त्यानं फ्रीज उघडला, समोरची बाटली उचलली आणि घटाघटा प्यायला. अर्धीअधिक बाटली रिकामी झाली, तेव्हा वर पावलं वाजली. पायांत चिखलानं माखलेले बूट, केसांत खोवलेली पेन्सिल – एक मुलगी दोन पायऱ्या वर थांबून त्याच्या हाताकडे बघत होती.

"ते... प्यायचं नव्हतं," ती म्हणाली.

त्यानं बाटली उलटी करून पाहिली. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. त्यानं विचारलं, कुठलं पाणी आहे.

"गावाबाहेर कचऱ्याचा डोंगर आहे ना... त्याच्या उताराला एक विहीर आहे."

डॉक्टरचा चेहरा पार उतरला. पोटाचे जेवढे म्हणून रोग तो शिकला होता, त्यांची उजळणी चालू असावी, कारण त्याचे ओठ हलत होते. तिनं त्याला उजळणी पुरी करू दिली. मग शांतपणे म्हणाली, "त्या विहिरीचं पाणी माझ्या टेबलावर आहे. हे पलीकडच्या खऱ्या डोंगरावरच्या झऱ्याचं. याहून चांगलं पाणी तुम्हाला या इमारतीत मिळायचं नाही. मला मात्र आता परत डोंगर चढावा लागणार."

"मग मी येतो. भरपाई म्हणून."

"एका जिन्यात तुम्हाला धाप लागली आहे, डॉक्टर."

"धाप जिन्यानं नाही लागली," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो हे कळून बाटलीचं झाकण लावण्यात फार गढून गेला.

तर असा त्यांचा पहिला प्रसंग. तो खरंच तिच्याबरोबर डोंगर चढला, वाटेत सात ठिकाणी बसला आणि दर वेळी 'निसर्ग बघतोय' असं म्हणाला.

पण मुलांनो, या दोन मजल्यांचं आपसात फारसं येणंजाणं नव्हतं. खालचे वरच्यांना 'दगडफोडे' म्हणायचे आणि वरचे खालच्यांना 'सुईवाले'. दोघंही आपापल्या जागी हुशार. दोघांनाही वाटायचं, की दुसऱ्याचं काम आपल्याला साधारण ठाऊक आहे. ही 'साधारण ठाऊक आहे' ची गोष्ट लक्षात असू द्या. पुढे सगळा घोळ तिथेच झाला.

त्यांना एकत्र आणलं ते एका शाळेनं. गावाच्या कडेला, अंगणात एकच नळ असलेली जुनी शाळा. तिथल्या काही मुलांच्या रक्तात शिसं सापडलं होतं. कोणत्या मुलांना त्रास आहे आणि किती, हे डॉक्टरनं शोधायचं. आणि ते शिसं येतं कुठून – मातीतून, धुळीतून की पाण्यातून – हे तिनं शोधायचं, असं ठरलं. संशोधनाच्या भाषेत याला सहकार्य म्हणतात. प्रत्यक्षात दोघं पिशव्या घेऊन दारोदार हिंडत होते. ती उंबऱ्याखालची धूळ बारीक ब्रशनं गोळा करायची. तो मुलांच्या पापण्या उलटून बघायचा आणि आयांशी बोलायचा.

तिनं एकदा विचारलं, की शिसं शरीरात शिरतं तरी कसं. शरीराला काही कळत नाही का? त्यानं सांगितलं, की शरीराला ते कॅल्शियमसारखं भासतं. हाडं त्याला आपलं माणूस समजून आत घेतात. मुलांची हाडं तर वाढीच्या घाईत असतात, ती आणखी लवकर फसतात.

"म्हणजे तोतया," ती म्हणाली.

"आम्ही यावर पानंच्या पानं लिहितो. तुम्ही एका शब्दात उरकलंत."

"दगडांबरोबर राहून सवय लागते. ते जास्त बोलत नाहीत."

"म्हणून ते तुम्हाला आवडतात?"

"मध्येमध्ये प्रश्न विचारत नाहीत म्हणून आवडतात," ती म्हणाली, पण हसली. हसताना ती मान थोडी वळवायची. जणू ते हसू दुसऱ्याच कुणासाठी होतं... त्याला ते पुरलं.

एका दुपारी भुरभुर पाऊस आला. दोघं एका अरुंद वळचणीखाली अंग चोरून उभे राहिले. छत्री एकच, ती डॉक्टरकडे. त्यानं ती उघडली, क्षणभर विचार केला आणि खाली ठेवलेल्या तिच्या मातीच्या पिशव्यांवर धरली. भिजलेल्या धुळीचा उपयोग नाही, हे ती सकाळी कुणाला तरी सांगत असताना त्यानं ऐकलं होतं. त्याच्या खांद्यावरून पाणी निथळत होतं, तिच्या वेणीतून ठिबकत होतं, आणि पिशव्या मात्र कोरड्या ठणठणीत.  त्या दिवसानंतर पेन्सिल केसांत खोवण्याआधी ती खिडकीच्या काचेत एकदा बघून घेऊ लागली.

त्या शाळेत डॉक्टरची भाची होती. घरात, शाळेत सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकायचीच नाही. पण अलीकडे भिंगरीचा वेग मंदावला होता. पोट दुखायचं. संध्याकाळी पाठ केलेले पाढे सकाळी गायब. खेळता खेळता ती मध्येच खाली बसायची. तिच्याही रक्तात शिसं निघालं. तिला सुई टोचायचं धाडस मामाला झालं नाही. ते काम त्याच्या सहकाऱ्यानं केलं.

भिंगरीची आई म्हणजे डॉक्टरची ताई. शाळेच्या भिंतीला लागून तिचं घर आणि मातीच्या भांड्यांची कार्यशाळा. चाक, भट्टी, आणि भांड्यांना चकाकी देणाऱ्या भुकट्यांचे डबे. भिंगरीचे वडील गेल्यापासून घर त्या भट्टीवरच चालत होतं.

मातीचे आणि पाण्याचे निकाल आले. पाणी स्वच्छ होतं. तिनं दोनदा तपासलं होतं. रस्त्यावरची धूळ साधारण होती. मग डॉक्टरनं सांगितलेल्या आजारी मुलांची घरं तिनं नकाशावर लाल ठिपक्यांनी मांडली. ठिपके शाळेभोवतीच्या गल्ल्यांत दाटले होते. नेमके भट्टीच्या भोवती. शिवाय ताईच्या फळीवर अगदी मागे एक जुनाट डबा निघाला. कधीकाळी कुणीतरी दिलेला आणि क्वचित वापरलेला. त्या भुकटीत शिसं होतं.

बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. ताईला तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण भांड्यांसाठी येणारी पावलं थांबली. ताईनं भट्टी बंद केली. ती एवढ्यावरच थांबली असती तर बरं होतं. भिंगरी शाळेतून धावत येऊन गळ्यात पडायला गेली, की ताई हात पाठीमागे घ्यायची. "अंगाला माती आहे गं," म्हणायची. वास्तविक तिनं चाकाला हात लावला नव्हता आणि हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली होती. पोर दोन पावलांवर थबकायची आणि दप्तर काढायचं निमित्त करायची.

डॉक्टरला हे बघवेना. तो वरच्या मजल्यावर गेला आणि पाणी आणखी एकदा तपासाल का, असं त्यानं विचारलं.

"दोनदा तपासलंय," ती म्हणाली. "नीट, जसं तपासायचं तसं."

"आणखी एकदा."

"तुम्हाला उत्तर हवंय, की ताईंऐवजी दुसरं कुणीतरी हवंय?"

बोलल्याबरोबर तिला ते नकोसं झालं. पण शब्द निघून गेला होता. तो दाराकडे वळला. "तुम्ही ठिपके मांडलेत," तो हळू म्हणाला. "मी त्या ठिपक्याच्या घरी जेवतो." आणि निघून गेला.

त्यानंतर जिन्याच्या वळणावर दोघांची गाठ पडेना. डॉक्टर जेवणाचा डबा टेबलाखाली ठेवू लागला. ती पाणी नसलं तरी फ्रीज उघडून बघायची आणि बंद करायची. वरच्या मजल्यावरच्या एका सहकाऱ्यानं विचारलंसुद्धा, की आत काही वाढतंय का.

शेवटी ती एका सकाळी शाळेत गेली. आपण चुकलो असं तिला वाटत होतं म्हणून नव्हे. कुणीतरी मनापासून मागितलेली गोष्ट आपण केली नाही, हे तिला टोचत होतं म्हणून. एरवी ती कार्यालयाच्या गाडीनं दुपारी यायची. आज अंगण रिकामं होतं, कुंपणापलीकडे ऊन नुकतं चढत होतं. आणि नळापाशी भिंगरीला सोडायला आलेला डॉक्टर उभा होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग नळाकडे. नळाचं बरं असतं. त्याच्याकडे कितीही वेळ बघता येतं. तिनं बाटल्या मांडल्या, नळ सोडला आणि तशीच उभी राहिली. पाणी धो धो वाहत होतं. बाटल्या रिकाम्याच.

"भरत का नाही?" त्यानं न राहवून विचारलं.

"थोडं वाहू द्यावं लागतं."

"का... लाजतं का ते?"

ती हसणार होती, पण तिनं आवरलं. मग समजावून सांगितलं: रात्रभर पाइपात साचलेलं पाणी आधी जाऊ द्यायचं. आम्हाला जमिनीच्या पोटातलं पाणी बघायचं असतं, पाइपातलं नाही. वरच्या मजल्यावर सगळेच असं करतात. पहिल्या वर्षीच शिकवतात.

तो काही बोलणार, इतक्यात अंगणाला फेरी मारून आलेली भिंगरी तिथे येऊन थांबली आणि तिचा चेहरा रडवेला झाला.

"मावशी, तू पहिलं पाणी सांडलंस."

"पहिलं म्हणजे?"

"गार असतं ते. आमची शर्यत असते. जो आधी येतो त्याला पहिल्या धारेचं मिळतं. मग बाकीच्यांना." तिनं ओंजळ पुढे केली आणि कोमट लागल्यासारखी मागे घेतली. "आता काही मजा नाही."

डॉक्टर खाली उकिडवा बसला. त्यानं विचारलं, शर्यतीत कोण कोण असतं. भिंगरी म्हणाली, आमच्याच गल्लीतले सगळे. लांबची मुलं घंटा झाल्यावर येतात, ती कसली जिंकतात.

मावशीनं हात लांब करून नळ बंद केला. अंगण एकदम शांत झालं. शाळेच्या जवळ राहणारी मुलं. म्हणजे भट्टीच्याही जवळ राहणारी, आणि म्हणजेच सगळ्यांत आधी येऊन पहिलं पाणी पिणारी. नकाशावरचे ठिपके खरे होते. पाण्याचा निकालही खरा होता. फक्त मुलं जे पाणी पीत होती, ते मावशी दर वेळी नीट, शिस्तीत मातीत सोडून देत होती... आणि मग उरलेल्या पाण्याला स्वच्छ म्हणत होती.

"मी कधी सांगितलं नाही तुम्हाला," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"मी कधी विचारलं नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, बाटली भरणं यात विचारायचं काय."

त्या दिवशी त्यांनी कुणालाच त्या नळाचं पाणी पिऊ दिलं नाही. दुसऱ्या सकाळी तिनं पहिल्या धारेचं पाणी बाटलीत घेतलं. त्यात शिसं होतं, आणि चांगलंच होतं. जुन्या पाइपाचे सांधे शिसं वितळवून जोडलेले होते. रात्रभर पाणी त्यांच्याशी बसून राहायचं आणि सकाळी मुलांच्या ओंजळीत यायचं. दुपारपर्यंत सगळं वाहून गेलेलं असायचं, आणि दुपारी ती यायची.

दोन्ही मजल्यांची बैठक भरली. ती गुपचूप नवा आकडा लिहून मोकळी होऊ शकली असती. पण तिनं उभं राहून सांगितलं, की पाणी स्वच्छ आहे असं मी म्हटलं होतं. ते जमिनीतलं पाणी होतं. मुलांचं पाणी मी तपासलंच नव्हतं. खालच्या मजल्यावरचं कुणीतरी 'दगडफोडे' असं पुटपुटलं. तेव्हा डॉक्टर उठला आणि म्हणाला, मी मुलांची घरं मोजली, पण मूल शाळेत केव्हा येतं आणि पहिल्यांदा काय पितं, हे एकाही आईला विचारलं नाही; तेव्हा सुईवाल्यांनीही जरा जपून. पाइप बदलायचं ठरलं. तोवर मुलांचं पाणी बाहेरून आणलेल्या टाकीतून येऊ लागलं.

गोष्ट इथे संपेल असं दोघांना वाटलं. ती दोघं ताईकडे गेली, सगळं सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं. हात पदरात गुंडाळलेलेच.

"नळात होतं, हे कळलं," ताई म्हणाली. "पण माझ्या डब्यातही होतं. माझ्या लेकीच्या अंगात माझ्या हातानं काहीच गेलं नाही, हे कोण सांगणार? तुम्ही सांगाल?"

 रक्तात शिसं किती, एवढंच डॉक्टरला कळत होतं. ते कुणाचं, हे नाही.  तेव्हा भूशास्त्रज्ञ मुलगी पुढे सरकली.

"मी सांगू शकेन बहुतेक," ती म्हणाली. "शिसं कुठल्याही खाणीतून काढलं, तरी त्या खडकाची खूण त्यात राहते. वितळवा, रंगात घाला, रक्तात जाऊ दे... ती पुसली जात नाही. डब्यातलं शिसं एका खडकाचं असेल आणि सांध्यातलं दुसऱ्याच खडकाचं, तर भिंगरीच्या रक्तातलं कुणाचं, ते ओळखता येईल." ती थांबली. "पण ताई, ते डब्यातलं निघालं, तर तेही मी तुम्हाला तसंच सांगेन."

ताईनं तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तसंच सांग," म्हणाली.

भिंगरीच्या दंडातून पुन्हा थोडं रक्त घ्यावं लागणार होतं. तिनं सौदा केला: ती खूण ओळखणारं मोठं यंत्र मला दाखवायचं, आणि या वेळी सुई मामानं टोचायची. मामानं सुई दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली. भूशास्त्रज्ञ मावशीनं त्याचं मनगट खालून धरलं. भिंगरीला काही दुखलं नाही, असं ती म्हणाली. मामाचा चेहरा बघण्यात तिचं लक्ष होतं.

निकाल येईपर्यंत जिन्याच्या वळणावर रोज दोन डबे शेजारी शेजारी दिसू लागले. दोघं पायरीवर बसून जेवायचे आणि निकाल सोडून सगळ्याबद्दल बोलायचे. एकदा बोलता बोलता तिनं त्याला 'तू' म्हटलं आणि घास हातात तसाच राहिला. त्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं, आणि पुढच्या वाक्यात तिला 'तू' म्हणाला.

मग एका दुपारी ती धावत जिना उतरली.  त्याची बाही धरून त्याला बाहेर ओढलं. दोघं ताईच्या घराच्या वाटेला लागले तेव्हा तिनं सांगितलं. डब्यातलं शिसं एका खडकाचं. सांध्यांतलं वेगळ्याच खडकाचं. आणि भिंगरीच्या रक्तातलं सांध्यांशी जुळत होतं. डब्याची खूण त्यात दिसतच नव्हती.

तो चालता चालता थांबला. रस्त्यात मधोमध. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, तरी हलला नाही. मग म्हणाला, "एक सांगू? भिंगरी तुला मावशी म्हणते ना... ते फार दिवस चालेल असं मला वाटत नाही."

"का? मावशी म्हणून काय वाईट आहे मी?"

"वाईट नाही. पण मामाच्या घरात जी असते, तिला मावशी म्हणत नाहीत."

तिला कळायला एक श्वास लागला. सायकलवाला त्यांना वळसा घालून गेला. तिच्या कानाच्या पाळ्या तांबूस झाल्या, आणि या वेळी तिनं हसताना मान वळवली नाही.

"उत्तर देते," ती म्हणाली. "माझं उत्तर तुला माहीत आहे... आणि तरी मी ते देणार आहे, नीट, तुझ्यासमोर उभं राहून. पण आधी ताईंकडे. त्या आपल्यापेक्षा जास्त दिवस थांबल्यात." आणि तिनं त्याचा हात हातात घेतला. तो हात त्यांनी ताईच्या दारापर्यंत सोडला नाही.

ताई चाकाशेजारी रिकामी बसली होती. बाजूला ओल्या फडक्याखाली मातीचा गोळा. भिंगरी कोपऱ्यात, आपल्या ठरलेल्या अंतरावर, पाढे म्हणत होती. मावशीनं निकाल सांगितला. कमी-जास्त काही न करता, जसा होता तसा. डबा धोक्याचा आहे आणि तो आम्ही घेऊन जाऊ, हेही सांगितलं. डॉक्टरनं सांगितलं, की अंगातलं शिसं हळूहळू उतरेल. वेळ लागेल, पण उतरेल.

ताई हलली नाही. तिनं ते ऐकलं होतं, समजलं होतं. पण हात मात्र सवयीनं पाठीमागेच होते. ते पुढे कसे आणायचे, हे जणू ते विसरून गेले होते.  दारातल्या दोघांनी एकमेकांची बोटं घट्ट धरली.

भिंगरीनं पाढा अर्ध्यावर सोडला. ती उठली, चाकाजवळ गेली आणि फडकं बाजूला केलं. गोळ्यातली ओली माती तिनं दोन्ही पंजांत घेतली, चांगली कोपरापर्यंत माखून घेतली. मग पाठीमागे जाऊन तिनं आईचे दोन्ही हात सोडवले, ओढत पुढे आणले, आणि आपल्या गालांवर ठेवून दिले.